टेपाखालची गाठ

समोर बाई उभी राहिली की कौसल्या तिच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही. तिची नजर जायची खांद्याच्या उतारावर, मग दंडावर, मग कंबरेवर. गावातल्या शंभर-सव्वाशे बायकांची मापं तिच्या डोक्यात होती. कोण बाळंतपणानंतर भरली, कोणाला दिवस गेले आहेत, कोण आतल्या आत झुरतेय, हे शिलाई मशीनवर बसल्या बसल्या तिला गावाच्या आधी कळायचं. कळलेलं ती कोणाला सांगत नसे. म्हणून तर बाभुळगावात टेलर असूनही आठ किलोमीटरवरच्या या गावातल्या बायका ब्लाऊज शिवायला तिच्याकडेच टाकायच्या.

त्या वर्षी शाळा उघडायला चार दिवस होते. ऊन अजून उतरलं नव्हतं. दुपारी दोनच्या सुमाराला तिने सुरभीला शाळेच्या ड्रेसच्या मापासाठी हाक मारली. सुरभी म्हणजे नवऱ्याची पहिल्या बायकोपासूनची मुलगी. चौदा वर्षांची, नववीत जाणारी. ती आली आणि हात जरा बाजूला करून उभी राहिली.

खांदा मागच्या वर्षीपेक्षा अर्धा इंच कमी भरला. कौसल्याला वाटलं, टेप सरकला असेल. तिने पुन्हा लावला. तेवढाच. छाती दीड इंच कमी. दंड तर तिसरी-चौथीतल्या पोरीचा असावा तसा. आणि बरगड्या संपतात तिथे तिने टेप गुंडाळला, तर मागच्या मापाच्या आकड्यावर तो मिटेचना. साडेतीन इंच जास्त. वाढत्या वयाची पोर वरून आटत होती आणि मधूनच फुगत होती. वीस वर्षं कात्री चालवली, पण असं माप कौसल्याने कधी घेतलं नव्हतं.

तिने टेप गळ्यात टाकला आणि तळहात सुरभीच्या पोटावर ठेवला. बेंबीच्या वर, जरा डावीकडे, कातडीखाली काहीतरी घट्ट होतं. जिनिंग कारखान्यात दाबून बांधलेली कापसाची गाठ असते ना, तसं. कडक, तरी बोटाने दाबलं की किंचित आत जाणारं. तिने जोर दिला तर ते बाजूला सरकलं. हात काढला तर हळूच आपल्या जागी परत आलं.

"दुखते का व?"

सुरभीने नाही म्हणून मान हलवली.

"कधीपासून हाये हे?"

"काय?"

"हे. पोटात हाये ते."

"काहीच नाही तिथं," सुरभी म्हणाली, आणि कुर्ता खाली ओढून निघून गेली. तिच्या तोंडाचा वास तेवढा खोलीत राहिला. खूप दिवस बंद असलेल्या घराचं दार उघडल्यावर पहिल्यांदा येतो, तसला.

कौसल्या मूळची मुकुटबनकडची. मूल होत नाही म्हणून पहिलं लग्न सात वर्षांत मोडलं. पुढची काही वर्षं भावाच्या घरी मशीन चालवून काढली. मग बबनरावांचं स्थळ आलं. बायको छातीच्या कॅन्सरने गेलेली, एक मुलगी, म्हातारी आई, कापूस आणि तुरीचं शेत. कौसल्याने एकच अट घातली, मशीन सोबत येईल. त्याला आता चार वर्षं झाली होती.

पहिलीचं नाव विमल. पुढच्या खोलीत तिचा फोटो होता. वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली, आणि फोटो संपला तरी वेणी संपत नव्हती. "गुडघ्याले लागत होते केस तिचे," सासूबाई धुरपताबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माह्या हातच्या तेलाचे." माक्याचा पाला उकळून त्या घरीच तेल करायच्या. कौसल्या आली तसं तेच तेल त्यांनी तिच्यापुढे ठेवलं.

सुरभी तिला मावशी म्हणायची. कधी उलटून बोलली नाही, कधी जवळही आली नाही. फक्त कौसल्या केस मोकळे करून विंचरायला बसली की ती हातातलं काम टाकून यायची आणि मागे बसून राहायची. सुरुवातीला कौसल्याला त्याचं बरं वाटायचं. पोर हळूहळू रुळेल, असं ती मनाशी म्हणायची.

फणीतले गळलेले केस ती बोटावर गुंडाळून दाराच्या चौकटीवरच्या फटीत खोचून ठेवायची. केसांवर भांडी देणारी बाई वर्षातून दोनदा गावात यायची, तिच्यासाठी सगळ्याच बायका असे केस साठवतात. पण कौसल्याच्या फटीत केस टिकतच नसत. सकाळी खोचलेला गोळा दुपारी गायब. चिमण्या खोप्याला नेत असतील, असं तिने धरलं. मग तिने एका पत्र्याच्या डबीत केस ठेवले आणि झाकण गच्च बसवलं. दोन दिवसांनी उघडली तर डबी रिकामी. झाकण जसंच्या तसं.

तिने सासूला सांगितलं. धुरपताबाईंचा हात तांदूळ निवडता निवडता थांबला.

"बाईच्या केसाचं लोक काय काय करतेत, ते मले नको विचारू," त्या म्हणाल्या. "तू आपले चुलीत टाकत जाय."

जळत्या केसांचा वास कौसल्याला सोसत नसे. तिने केस टाकले नाहीत. पण त्या दिवसापासून भरदुपारी, गाव आडवं झालेलं असताना, मशीनवर पाय मारता मारता तिला वाटायचं की आपल्या पाठीमागे कोणीतरी उभं आहे. ती पाय थांबवायची. मशीन थांबलं की घरात इतकी शांतता व्हायची की फोटोच्या काचेवर बसलेल्या माशीचा आवाज यावा. वळून बघितलं तर कोणी नसायचं.

माप घेतल्यापासून कौसल्या सुरभीच्या ताटाकडे लक्ष ठेवू लागली. पोर दोन घासांवर हात थांबवायची. "पोट भरलं." तिसरा घास बळंच खाल्ला तर मोरीवर जाऊन ओकायची. बबनरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "गॅस असन." पण म्हणताना त्यांनी कौसल्याकडे बघितलं नाही. विमलचंही एका गाठीपासूनच सुरू झालं होतं, आणि चौदा महिने ते नागपूरच्या दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलेले होते.

बघता बघता कुर्त्यावरून पोट दिसू लागलं. पाण्याच्या टाकीजवळ बायका बोलत असल्या की कौसल्या आली म्हणजे गप्प व्हायच्या. चौदा वर्षांच्या पोरीचं पोट म्हटल्यावर गाव काय बोलेल, ते कोणी तोंडाने बोलायची गरज नव्हती. धुरपताबाईंच्याही कानावर ते गेलं. मंगळवारी भर बारा वाजता त्या नातीला घेऊन शेजारच्या गावात मरीमायच्या ठाण्यावर निघाल्या. कौसल्या मागोमाग गेली, पोरीला एकटं सोडायचं नाही एवढ्यासाठी.

तिथली बाई साठीची, हडकुळी. अंगात आल्यावर ती ओरडली नाही, घुमली नाही. सुरभीसमोर बसली, तिच्या पोटाला कान लावला आणि बराच वेळ तशीच राहिली, दाराआडचं बोलणं ऐकावं तशी. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"हिची माय बसली हाये हिच्या पोटात. पोरीचं अन्न तेच खाते."

धुरपताबाईंनी पदर तोंडावर धरला. सुरभी मात्र दचकली नाही. तिने दोन्ही हात पोटावर ठेवले, आपली वस्तू कोणी घेऊ नये म्हणून झाकावी तसे.

बाईने मग कौसल्याकडे मान वळवली. "आन् हे सवत. हिनं घर सोडलं तर ते निंगन."

घरी आल्यावर धुरपताबाई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडल्या. कौसल्याने कपाटातून पिशवी काढली. बबनरावांना वाटलं, ही माहेरी निघाली.

"सुरभीचं आधार कार्ड कुठं हाये?" कौसल्याने विचारलं. "उद्या सकाळच्या गाडीनं यवतमाळले जाऊन राह्यलो आपण. मोठ्या दवाखान्यात. तुम्ही येत असान तर या, नाईतर मी एकटीच नेतो."

ते आले. पण दवाखान्याच्या आवारात शिरल्यावर त्यांचे पाय उचलेनात. बाहेर लिंबाखाली बसून राहिले आणि कागद लागला की तेवढा आणून द्यायचे.

सोनोग्राफीच्या खोलीतल्या डॉक्टरने पडद्यावर दोनदा, तीनदा फिरवून बघितलं. एक पांढरी कमान दिसत होती आणि तिच्या खाली सगळा काळोख. आवाजाची लाट त्या वस्तूच्या आत जातच नव्हती. "मोठी गाठ आहे," तो म्हणाला, "पण कशाची ते यात दिसत नाही." गाठ हा शब्द बाहेर लिंबाखाली पोचला तेव्हा बबनरावांनी डोकं गुडघ्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी सर्जरीच्या डॉक्टरीणबाईंनी सुरभीला तपासलं. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. पोट दाबून बघितलं, पापणी ओढून बघितली, रक्त फारच कमी होतं. मग त्यांनी सुरभीचं डोकं खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. उजव्या कानाच्या वर केस विरळ होते, मधूनमधून खुंट उरलेले.

त्यांनी कौसल्याला बाजूला घेतलं. "ही केस खाते का?"

"काय?"

"केस. स्वतःचे, दुसऱ्या कोणाचे. घरातले केस कुठे जातात असं कधी वाटलं का?"

कौसल्याला चौकटीवरची फट दिसली. डबी दिसली. मागे येऊन बसणारी पोर दिसली.

दुर्बिणीच्या तपासणीला कौसल्याला आत उभं राहू दिलं. सुरभी गुंगीत होती. नळी घशातून उतरली तशी पडद्यावर लालसर, ओली, श्वासागणिक हलणारी वाट दिसत गेली. मग वाट संपली आणि सगळा पडदा काळा झाला. कौसल्याला वाटलं, मशीन बंद पडलं. पण ते काळं चमकत होतं. उजेड जवळ गेला तसे त्यात धागे दिसू लागले. हजारो धागे, एकात एक अडकलेले, आणि पोट हललं की सगळेच मिळून हळूच उठायचे आणि बसायचे.

"आतल्या आत श्वास घेऊन राह्यलं ते," ती पुटपुटली.

"ते काही करत नाही. पोट हलतं, म्हणून ते हलतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "केस पचत नाहीत आणि कुजतही नाहीत. वर्षानुवर्षं साठत जातात. हा कॅन्सर वाटत नाही. वडिलांना सांगा जाऊन. पण नळीतून निघणार नाही, पोट उघडावं लागेल."

ऑपरेशनआधी रक्त चढवायला दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात पंखे फिरत होते, शेजारच्या खाटेवरची म्हातारी झोपली होती. कौसल्या स्टुलावर बसून सुरभीचे पाय चेपत होती. आपण विचारायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. सुरभी आपणहून बोलली, छताकडे बघत.

"आईचे केस उशीवर पडत होते. औषधानं. रोज सकाळी असा ढीग. आई म्हणे, आजीले दिसू देऊ नको, बाहेर फेक. मी फेकत नव्हती. दप्तरात ठेवत होती, पिशवीत."

"बरं."

"आई गेली तं आजीनं तिचं सगळं पोत्यात भरलं. लुगडी, चपला, फणी, सगळं. नदीत सोडायले. मंग ते माह्या दप्तराकडं आली. मी पिशवीतले केस काढून तोंडात टाकले. आजीनं पिशवी पाह्यली, रिकामीच होती."

"सगळे गिळले?"

"तेव्हा थोडे. बाकीचे फ्रॉकात लपवले होते. मंग रोज एक-एक. लांब होते न, हळूहळू जात होते." तिने पोटावर तळहात ठेवला. "पोटात असले का कोणी नेत नाही."

ती तेव्हा आठ वर्षांची होती. कौसल्याने पाय चेपणं थांबवलं नाही.

"अन् माहे कायले खाल्ले व?"

"आईचे सरले. माहे खाऊन पाह्यले, तसे नाही लागत. तुह्या केसाले तोच वास हाये. आजीच्या तेलाचा." मग पहिल्यांदाच तिने कौसल्याकडे बघितलं. "मावशी, ते काढतीन का सगळे?"

"हो."

"थोडेसे ठेवता नाही येत?"

कौसल्याने चादर सुरभीच्या गळ्यापर्यंत ओढली आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली.

ऑपरेशन अडीच तास चाललं. काढलेली गाठ नातेवाइकांना दाखवायची पद्धत असते. बबनराव पुढे होईनात, म्हणून कौसल्या गेली. स्टीलच्या मोठ्या ट्रेमध्ये ते ठेवलं होतं. वजन पावणेदोन किलो. आकार जठराचाच. पोटाच्या साच्यात केस भरून साचा काढून घ्यावा, तसं. खालच्या टोकाला निमुळती शेपटी, दोन हात लांब, जी आतड्यात उतरलेली होती. सगळं काळंभोर, तेल लावल्यासारखं चमकणारं. वास असा की शिकाऊ डॉक्टरांनी मास्कवर मास्क चढवले होते.

"एवढे काळे?" कौसल्याने विचारलं. तिच्या स्वतःच्या केसांत निम्मे पांढरे होते.

"पोटातल्या आम्लाने काळे पडतात. पांढरेही."

डॉक्टरीणबाईंनी कात्रीने तो गोळा मधोमध उघडला. झाडाच्या बुंध्यासारखे त्यात थर होते. बाहेरचे थर सैल, मधला गाभा दगडासारखा. गाभ्यातून त्यांनी चिमट्याने एक केस धरला आणि ओढला. तो येत राहिला. हात वर गेला, पूर्ण लांब झाला, तरी केसाचं दुसरं टोक आतच होतं. त्या पाऊल मागे सरकल्या. शेवटी तो सुटला आणि खाली लोंबत राहिला.

कौसल्याच्या डोळ्यांना माप सांगायला टेप लागत नाही. सव्वा मीटर. सुरभीचे केस खांद्यापर्यंत, कौसल्याचे स्वतःचे कंबरेपर्यंत, सासूचा तर अंबाडाही बांधला जात नव्हता. त्या घरात एवढ्या लांब केसांची एकच बाई होऊन गेली होती. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती. नागपूरला तिला जाळलं तेव्हा तिच्या डोक्यावर एकही केस नव्हता, असं बबनराव एकदा बोलून गेले होते.

आणि इथे त्या पांढऱ्या उजेडात तिचा केस ओला, सतेज, नुकताच न्हाल्यासारखा लोंबत होता. कौसल्याने नकळत हात जोडले.

बबनराव दाराशी येऊन उभे राहिलेले तिला कळलं नाही. त्यांनी तो केस बघितला. त्यांना कोणी काही सांगायची गरज पडली नाही. ते तिथेच जमिनीवर बसले, आणि म्हणाले, "विमल," जणू कोणी ओळखीचं अचानक वाटेत भेटावं.

तपासणीचा अहवाल आठ दिवसांनी आला. कॅन्सर नव्हता. धुरपताबाई भेटायला आल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि हळूच कौसल्याला म्हणाल्या, "बाईनं सांगतलं होतं का नाही? माय बसली हाये म्हणून?"

ठाण्यावरच्या त्या बाईला कोणी काही सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं सुरभीशिवाय कोणाला ठाऊकच नव्हतं. "तिनं मले घर सोडायले लावलं होतं," एवढंच कौसल्या म्हणाली. "ते ऐकलं असतं तं पोर गेली असती." धुरपताबाईंनी मान खाली घातली. नदीत सोडलेल्या त्या पोत्याचं त्यांना आता काय वाटत होतं, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. फक्त सुरभीच्या कपाळावरून हात फिरवत त्या पुष्कळ वेळ बसून राहिल्या.

गाठीचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. धुरपताबाईंचं म्हणणं, बेंबळा नदीत सोडा, विधी करा. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, असं फार क्वचित बघायला मिळतं, शिकणाऱ्या मुलांसाठी काचेच्या बरणीत ठेवू देता का? पोटावर टाके असलेली सुरभी उशीवरून म्हणाली, "पाण्यात नका सोडू." तसंच ठरलं.

सहाव्या दिवशी तिला वरणाचं पाणी दिलं. आठव्या दिवशी तिने पातळ खिचडी खाल्ली आणि कटोरा पुढे केला. कौसल्याला आधी कळलंच नाही की ती आणखी मागतेय.

पुढे महिन्यातून एकदा मनाच्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं. हे लगेच जात नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. दिवाळीच्या सुमाराला सुरभीच्या मुठीत एकदा केस सापडले. तिने ते आपणहून कौसल्याच्या हातात दिले. बोलायची ती थोडंच, पण शाळेतलं एखादं काही सांगू लागली. मार्चपर्यंत ती नऊ किलोने भरली.

मार्चमधल्या त्या फेरीला तिने विचारलं, "मले ते पाह्यता येईन का?"

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, शिपाई सोबत दिला. दवाखान्याला लागून असलेल्या मेडिकल कॉलेजच्या इमारतीत टोकाला एक लांब खोली होती. दोन्ही बाजूंनी फळ्या आणि फळ्यांवर बरण्या. दुपारचे तीन वाजले होते. सुरभी म्हणाली, मी एकटीच जातो. शिपाई व्हरांड्याच्या पायरीवर तंबाखू मळत बसला. कौसल्या दाराबाहेर थांबली.

थोड्या वेळाने आतून सुरभीचा आवाज आला. हलका, सलग. कौसल्याला शब्द कळत नव्हते आणि तिने कळून घेतलेही नाहीत. पण पोरीला चार वर्षांत कोणाशी इतकं बोलताना तिने ऐकलं नव्हतं. मधूनच आवाज थांबायचा. समोरचा बोलून होईपर्यंत माणूस थांबतो, तेवढाच. मग पुन्हा सुरू व्हायचा. एकदा ती हसली. कौसल्याने व्हरांड्याच्या खांबाला घट्ट धरलं. बाहेर ऊन रणरणत होतं, सायकल स्टँडवर पोरं हसत-खिदळत होती, आणि तिच्या दंडावरची लव न् लव उभी होती.

दहा-बारा मिनिटांनी सुरभी बाहेर आली. डोळे कोरडे होते. दार तिने आवाज न करता ओढून घेतलं, आत कोणी झोपलं असल्यासारखं.

"झालं?"

"हो."

काय बोललीस, हे कौसल्याने विचारलं नाही. पुढेही कधी नाही. दोघी चालत स्टँडपर्यंत आल्या. बाभुळगावच्या गाडीला अजून वेळ होता. टपरीवर पोह्यांची परात वाफाळत होती आणि शेजारच्या पातेल्यात पोह्यांवर घालायची लालभडक तर्री.

"तुले साधेच सांगू न? तिखट चालत नाही म्हणे डॉक्टर."

सुरभीने पातेल्यात डोकावून बघितलं.

"थोडीशी टाकायले लाव मावशी," ती म्हणाली. "मले भूक लागली."